नावं आधी, हकीकत नंतर : वकिलीतला कॉन्फ्लिक्ट ओळखायचा कसा आणि टाळायचा कसा

पक्षकार खुर्चीत बसतो, पिशवीतून सातबारा, फेरफाराचे उतारे आणि पिवळी पडलेली वाटणीची चिठ्ठी काढतो आणि बोलायला लागतो. अर्ध्या तासानं विरुद्ध पक्षाचं नाव निघतं. ते निघतं आपल्याच जुन्या अशिलाचं. तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. एकाचं गुपित आधीपासून माहीत आहे, दुसऱ्याचं आत्ताच कानावर पडलं, आणि दोघांपैकी कुणाचंच वकीलपत्र आता निर्धास्तपणे घेता येत नाही.

बहुतेक कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोन अशिलांच्या किंवा अशिलाच्या आणि वकिलाच्या हिताचे झगडे, असेच होतात. त्यात लबाडी नसते, फक्त क्रम चुकलेला असतो. नावं तपासून मग हकीकत ऐकली तर बरेचसे गुंते दारातच सुटतात. ऑफिसात ही शिस्त कशी बसवायची आणि कोल्हापूर जिल्ह्यात हमखास येणाऱ्या प्रकरणांत कुठे घसरायला होतं, ते पुढे दिलं आहे.

नियमांची चौकट

अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ४९(१)(क) खाली बार कौन्सिल ऑफ इंडियानं केलेल्या नियमांतल्या सहाव्या भागाचं दुसरं प्रकरण हा या विषयाचा गाभा. त्यातला नियम ३३ तोंडपाठ हवा. दावा, अपील किंवा इतर प्रकरणाच्या संदर्भात एखाद्या पक्षाला सल्ला दिला असेल, त्याच्यासाठी प्लीडिंग (कोर्टात द्यायचा दावा किंवा त्याचं लेखी उत्तर) तयार केलं असेल किंवा त्याच्या वतीनं काम केलं असेल, तर वकिलानं विरुद्ध पक्षासाठी उभं राहायचं नाही. या तिन्हींपैकी एक गोष्ट घडली तरी पुरे. म्हणजे फी घेतली नव्हती, वकीलपत्रावर सही नव्हती, फक्त नोटिशीचा मसुदा करून दिला होता, हे बचाव चालत नाहीत. आणखी एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. ‘जुन्या अशिलाची संमती असेल तर चालेल’ असा अपवाद या नियमात लिहिलेलाच नाही. त्यामुळे त्याच वादात बाजू बदलायची असेल तर ‘त्यांची काही हरकत नाही हो’ या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

नियम १४ चा रोख वेगळा आहे. पक्षकारांशी असलेला आपला संबंध आणि वादात असलेलं आपलं हित अशिलाला पूर्णपणे सांगायचं. तेही काम घेताना एकदा आणि काम चालू असताना पुन्हा जेव्हा जेव्हा तसं काही उद्भवेल तेव्हा. नियम ९ नुसार ज्यात आपलं आर्थिक हित आहे ते प्रकरण घ्यायचं नाही. आपण संचालक असलेल्या कंपनीचं ब्रीफ, म्हणजे केसचं काम, घेऊ नये, हे उदाहरण नियमातच दिलं आहे. नियम ८ आपल्याकडे सगळ्यात जास्त लागू पडतो. ज्या संस्थेच्या कार्यकारी समितीवर आपण आहोत, तिच्या बाजूनंही उभं राहायचं नाही आणि विरुद्धही नाही. पतसंस्था, दूध संस्था, शिक्षण संस्था, हौसिंग सोसायटी अशा कुठल्या तरी संचालक मंडळावर नसलेला वकील कोल्हापुरात शोधावा लागेल, म्हणून हे ठळकपणे सांगितलं. नियम १३ नुसार ज्या प्रकरणात आपण साक्षीदार होण्याची शक्यता आहे ते घ्यायचं नाही. नियम ६ नुसार न्यायाधीश नातेवाईक असतील तर त्यांच्यापुढे उभं राहायचं नाही, आणि त्या नात्यांच्या यादीत मेहुणे, साडू, सुना, जावईही येतात असं धरूनच चालावं.

गुप्ततेचं कलम आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मधलं १३२ आहे. पूर्वी ते पुरावा अधिनियमाचं १२६ होतं. काम संपल्यानंतरही हे बंधन संपत नाही, आणि ते वकिलाच्या कारकुनालाही लागू आहे. बेकायदा हेतूसाठी केलेलं संभाषण किंवा काम सुरू झाल्यानंतर वकिलाच्या नजरेस आलेला गुन्हा वा लबाडी हे त्याचे अपवाद.

पहिल्या फोनवर काय विचारायचं

फोन कारकुनानं किंवा ज्युनियरनं घेतला तरी चालेल, पण त्यानं हकीकत ऐकायची नाही. ‘साहेबांशी सविस्तर बोला, मला आधी फक्त नावं सांगा’ एवढंच म्हणायचं. मग पुढची माहिती उतरवून घ्यायची : फोन करणाऱ्याचं आणि प्रत्येक विरुद्ध पक्षाचं संपूर्ण नाव, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह. बाईचं माहेरचं आडनाव. गाव आणि तालुका. धंदा असेल तर फर्मचं नाव आणि मालकाचं नाव, दोन्ही. जमिनीचा वाद असेल तर गट नंबर, शहरातला असेल तर सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर). आधी कुठल्या वकिलांकडे गेला होता ते. केस चालू असेल तर तिचा नंबर.

नुसतं ‘पाटील विरुद्ध पाटील’ लिहून ठेवलं तर त्याचा उपयोग शून्य. करवीर तालुक्यात एका गावात एकाच नावाचे चौघे पाटील निघतात, आणि भाऊबंदकीत तर दोन्ही बाजूला तेच आडनाव. वडिलांचं नाव आणि गाव ही खरी ओळख. टोपणनावही विचारावं. गावात सगळे ‘बापू’ म्हणून ओळखत असलेल्या माणसाचं कागदावरचं नाव पक्षकारालाच धड आठवत नाही, आणि मग तपासणीत तो सुटतो.

वही कशी ठेवायची

महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेलची एक शीट पुरते. रकाने असे : तारीख, अशिलाचं पूर्ण नाव, विरुद्ध पक्ष, इतर संबंधित (हमीदार, मुखत्यार, साक्षीदार, संचालक), गाव, गट नंबर किंवा सि.स.नं., कामाचं स्वरूप, काम घेतलं की नाही, कुणी हाताळलं, काम कधी संपलं.

यातला ‘काम घेतलं की नाही’ हा रकाना सगळेच टाळतात, आणि नेमका तोच नडतो. नियम ३३ मध्ये ‘सल्ला दिला’ हे शब्द आहेत. फी जमली नाही म्हणून परत गेलेला पक्षकारसुद्धा, त्यानं हकीकत सांगून सल्ला घेतला असेल तर, कायमचा नोंदीत राहिला पाहिजे. उलट फक्त नावं घेतली आणि काम नाकारलं, तर तेही तसंच लिहावं : ‘हकीकत ऐकली नाही.’ हे तीन शब्द पुढे उपयोगी पडतात.

गट नंबरचा रकाना नावांच्या रकान्यापेक्षा जास्त पकडतो. वारसानं, खरेदीनं, बक्षीसपत्रानं माणसं बदलतात, पण गट तोच राहतो. दहा वर्षांपूर्वी ज्याचं खरेदीखत आपण केलं, त्याच्या जमिनीवर आज वहिवाटीचा दावा लावायला निघालेला माणूस नावावरून सापडणार नाही, गटावरून सापडेल. मात्र गट एकत्रीकरण किंवा पोटविभाजन झालं असेल तर जुना आणि नवा, दोन्ही नंबर शोधावेत.

जुन्या फायली एका दमात चढवायला बसू नका, ते कधीच पुरं होत नाही. आधी चालू प्रकरणं, मग निकाली निघालेली, आणि शेवटी नुसते दस्त केलेले.

त्यानंतर ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावानं शोध. तिथे नोंदणीचं वर्ष द्यावं लागतं, म्हणून निदान तीन-चार वर्षं मागेपुढे बघावीत. नावांचं इंग्रजी स्पेलिंग फाइलिंग करणाऱ्याच्या मर्जीचं असतं. ‘चौगुले’ चार तऱ्हांनी सापडतात. वकिलाच्या नावानंही शोध होतो. स्वतःच्या नावानं शोधलं की विसरलेली, कुणा मित्रासाठी एका तारखेला हजर राहिलेली प्रकरणंही वर येतात.

नाव जुळलं तर

आधी बघायचं : वाद तोच आहे का, किंवा त्यातूनच निघालेला आहे का? असेल तर विषय संपला, काम नाकारायचं. दिवाणी दाव्यात एका भावासाठी काम केलं आणि आता त्याच जमिनीच्या फेरफाराच्या अपिलात दुसरा भाऊ आला, तर कागदावर प्रकरण वेगळं असलं तरी वाद तोच.

वाद पूर्ण वेगळा असेल तर सरसकट बंदी नाही. तिथे खरी कसोटी माहितीची. उलटतपासाला उभं राहिल्यावर, त्या माणसानं पूर्वी आपल्या ऑफिसात विश्वासानं सांगितलेलं काही वापरावंसं वाटेल का? त्याचे हिशेब, त्याची कर्जं, तो कितीवर तडजोडीला तयार होतो, हे आपल्याला माहीत आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर काम घेऊ नये. माहिती वापरली तर नियम २४ चा विश्वासघात आणि कलम १३२ चा भंग होतो, आणि मुद्दाम वापरली नाही तर नव्या अशिलाशी बेइमानी होते. दोन्हीकडून कोंडी. ज्याचं काम आत्ता चालू आहे त्याच्याविरुद्ध, मग वाद कितीही वेगळा असो, उभं राहू नये, हे आमचं स्पष्ट मत. १९८३ साली राजस्थानातल्या एका वकिलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच सुनावलं : एका पक्षाचं काम हातात असताना दुसऱ्याचं ब्रीफ घेणं व्यावसायिक शिष्टाचाराला धरून नाही.

काम घेण्याजोगं असेल तर नियम १४ चं पत्र द्यायचं. मोठं लागत नाही :

‘आपले विरुद्ध पक्षकार यांच्या फर्मतर्फे धनादेश न वटल्याचे एक प्रकरण मी पूर्वी चालविले होते. ते निकाली निघाले असून आपल्या वादाशी त्याचा संबंध नाही. सध्या त्यांचे कोणतेही काम माझ्याकडे नाही. ही बाब विचारात घेऊन वकीलपत्र द्यावयाचे किंवा कसे, हे आपण ठरवावे. आवश्यक वाटल्यास अन्य वकिलांचा सल्ला घ्यावा.’

खाली तारीख आणि अशिलाची सही, एक प्रत फायलीत. पत्रात जुन्या अशिलाबद्दल तेवढंच लिहायचं जे कोर्टाच्या रेकॉर्डवर आहे. नोटीसही न गेलेल्या, निव्वळ सल्ल्यापुरत्या कामाचा उल्लेख केला तर तोच गुप्ततेचा भंग. अशा वेळी खुलासा करायचा नाही आणि कामही घ्यायचं नाही. ‘व्यावसायिक अडचणीमुळे हे काम घेता येत नाही’ यापुढे एक शब्द बोलू नये.

आपल्याकडचे नेहमीचे खड्डे

*हक्कसोडपत्र.* दोघं भाऊ येतात, ‘बहिणी सह्या द्यायला तयार आहेत, तुम्ही फक्त दस्त करा’ म्हणतात. वकील भावांचा, फी भावांची, आणि बहीण दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात दस्त पहिल्यांदाच बघते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातली २००५ ची दुरुस्ती आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल यांनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मानंच, मुलाइतकाच आहे. तिनं ‘वकीलसाहेबांनी सांगितलं, काही होत नाही, सही कर’ असं म्हणत दस्त रद्द करण्याचा दावा लावला की तोच वकील साक्षीदार ठरतो आणि भावांचं वकीलपत्रही हातून जातं. उपाय सोपा आहे. बहिणीला लेखी कळवावं की आपण भावांतर्फे काम करतो, तिनं स्वतःचा वकील गाठावा. मसुदा तिला आधी द्यावा आणि वाचायला निदान आठवडा तरी जाऊ द्यावा. भाऊ कुरकुरतील. कुरकुरू द्यावं. त्यांचा दस्त टिकावा असं वाटत असेल तर त्यांच्याही हिताचं हेच आहे.

*वाटणीच्या दाव्यात एका बाजूला अनेक जण.* पाच वादी, एक वकील, यात मुळात चूक नाही. पण वकीलपत्र घेतानाच पाचही जणांच्या सहीचं पत्र घ्यावं : एकानं सांगितलेलं बाकीच्यांपासून लपवलं जाणार नाही, तडजोडीवर प्रत्येकाची स्वतंत्र सही लागेल, आणि तुमच्या तुमच्यात वाद झाला तर वकील सगळ्यांचंच काम सोडेल. शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं. फी देणाऱ्या थोरल्याला ठेवून धाकट्याला सोडणं चालत नाही. सूचनाही फी देणाऱ्याच्या घ्यायच्या नाहीत. नियम १९ नुसार अशील किंवा त्यानं अधिकार दिलेला माणूस, एवढ्यांचंच ऐकायचं. पुण्यात नोकरी करणारा मुलगा पैसे पाठवतो म्हणून वडिलांच्या दाव्यात तो मालक होत नाही.

*सहकारी संस्था.* अशील संस्था असते, चेअरमन नव्हे. वकीलपत्राबरोबर संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत ठेवावी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८३ ची चौकशी लागली की कान टवकारावेत. पुढे कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी संचालकांवर व्यक्तिशः बसू शकते, आणि त्या क्षणी संस्थेचं हित आणि संचालकांचं हित समोरासमोर उभं राहतं. संस्थेच्या वकिलानं संचालकांचा बचाव लिहायचा नाही, ‘तेवढं एक म्हणणं द्या की’ म्हटलं तरी नाही.

*अपघात दावा.* विमा कंपनीच्या पॅनेलवरचा वकील गाडीमालकातर्फेही म्हणणं दाखल करतो, दोघंही सामनेवालेच म्हणून. पण चालकाकडे वैध परवाना नव्हता, हा बचाव मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये विमा कंपनीला आहे, आणि तो सिद्ध झाला तर कंपनी रक्कम मालकाकडून वसूल करू बघते. म्हणजे दोघांचा वाद आतूनच सुरू होतो. मालकाला वेगळा वकील हवाच.

*मृत्युपत्र.* मसुदा करणाऱ्या वकिलानं साक्षीदार म्हणून सही करायची प्रथा बरीच आहे. मृत्युपत्र सिद्ध करायला हयात आणि उपलब्ध असलेला निदान एक साक्षीदार तपासावा लागतो (साक्ष अधिनियम, कलम ६७). त्या दिवशी आपण पिंजऱ्यात असू, तर बाजू कोण मांडणार? साक्षीदार बाहेरचे घ्यावेत, शक्यतो मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयानं लहान, आणि ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे.

*सहआरोपी.* दोषारोपपत्र हातात येऊन वाचून होईपर्यंत एकापेक्षा जास्त आरोपींचं काम कायमचं स्वीकारू नये. ‘मी तिथे नव्हतो, तो होता’ हे वाक्य कुणाच्या तरी जबाबात निघतंच, आणि उद्या एक जण माफीचा साक्षीदार झाला तर दुसऱ्यासाठी त्याचा उलटतपास आपल्यालाच घ्यावा लागेल.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात दोघांना एकच वकील नको, पैसे वाचले तरी. बँकेच्या पॅनेलवर असाल आणि सर्च रिपोर्ट (मिळकतीच्या मालकीची तपासणी) आपल्याच बिल्डर अशिलाच्या मिळकतीचा आला, तर बँकेला कळवून तो परत करावा.

भिंतीला कान

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं काम इथे आलं. पूर्वी अपिलासाठी फाइल मुंबईच्या वकिलांकडे जायची आणि बाजू आपोआप वेगळ्या हातांत पडायच्या. आता खालच्या कोर्टातले आणि वरचे वकील एकाच कॅन्टीनमध्ये चहा पितात. दावा चालवताना वादीसाठी मसुदा करणारा ज्युनियर अपिलात प्रतिवादीच्या सीनियरकडे गेलेला असतो. असा ज्युनियर नव्या ऑफिसात आला की पहिल्याच दिवशी त्याच्याकडून हाताळलेल्या प्रकरणांच्या फक्त नावांची यादी घ्यावी. ती जुळली तर त्या फायलीला त्याचा हात लागता कामा नये. मसुदा खुद्द त्याचाच असेल तर नव्या ऑफिसनं ते काम सोडणंच बरं. ‘आतल्या आत भिंत घातली’ हे सांगायला ठीक, पण आपल्या नियमांत अशा भिंतीला कुठेही मान्यता दिलेली नाही.

दोन वकील भाड्याच्या एकाच गाळ्यात बसत असतील, तर एकमेकांविरुद्धची कामं घेऊ नयेत. टेबल वेगळं असलं तरी कारकून, प्रिंटर आणि वाय-फाय एकच असतं. कोर्टाजवळच्या टायपिंग सेंटरवर मात्र कुणाचंच लक्ष नसतं. वादीचा दावा आणि प्रतिवादीची कैफियत एकाच संगणकाच्या डेस्कटॉपवर, शेजारी शेजारी पडलेल्या असतात, फायलीला नाव पक्षकाराचं. मसुदा आपल्या पेनड्राइव्हवर घ्यावा आणि तिथला डेस्कटॉप, रिसायकल बिन आणि टायपिस्टच्या व्हॉट्सअ‍ॅपवरची प्रत आपल्यासमोर काढून टाकायला लावावी.

मध्येच कॉन्फ्लिक्ट उभा राहिला तर

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३ रूल ४ नुसार कोर्टाच्या परवानगीशिवाय वकीलपत्र संपत नाही. म्हणून आधी अशिलाला पोचपावतीसह नोटीस, पुढची तारीख कळवून. मग पोच जोडून अर्ज. अर्जात कारणाचा पाढा वाचू नये. ‘व्यावसायिक नियमांमुळे पुढे काम पाहणे शक्य नाही’ एवढं बस. कॉन्फ्लिक्टची हकीकत अर्जात लिहिली की ती विरुद्ध पक्षाच्या हातात गेली. कैफियतीची ३० दिवसांची मुदत (कमाल ९०) संपत आली असेल तर आधी मुदतवाढीचा अर्ज द्यावा, मग बाजूला व्हावं. उलटतपासाच्या सकाळी वकीलपत्र काढणं म्हणजे अशिलाला उघड्यावर सोडणं.

न झालेल्या कामाची फी परत करायची (नियम १२), कागद यादी करून सहीनिशी परत द्यायचे आणि नव्या वकिलांना ना हरकत द्यायची. फी बाकी आहे म्हणून फाइल अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच ठरवून दिलं आहे.

पक्षकारानं काय करावं

आपला जुना वकील त्याच वादात समोर उभा दिसला, तर पहिल्याच तारखेला त्याच कोर्टात हरकतीचा अर्ज द्यावा. पुरावा सुरू झाल्यावर दिलेला अर्ज लांबणीवर टाकण्याचा डाव वाटतो. जोडीला जुनं वकीलपत्र, नोटीस, फीची पावती किंवा ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद, संदेशांच्या प्रती. स्वतंत्रपणे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे प्रतिज्ञापत्रासह तक्रार करता येते. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली तीन सदस्यांची शिस्तपालन समिती ती ऐकते. ताकीद, सनद निलंबन किंवा यादीतून नाव काढणं, एवढे अधिकार तिला आहेत. वर्षात निर्णय झाला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं, आणि निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत तिथे अपील होतं. ग्राहक आयोगात मात्र जाता येणार नाही, २०२४ च्या निकालानं तो रस्ता बंद झाला आहे.

उलटा प्रकारही चालतो. मोठ्या वादाआधी काही जण शहरातल्या चार नामांकित वकिलांना नुसते ‘सल्ल्यापुरते’ भेटून येतात, म्हणजे विरुद्ध पक्षाला ते मिळू नयेत. किंवा समोरच्या वकिलाचं नाव साक्षीदारांच्या यादीत घुसवतात. दुसऱ्या युक्तीला सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये चाप लावला : साक्ष कशासाठी हवी हे दाखवल्याशिवाय विरुद्ध पक्षाच्या वकिलाला साक्षीदार करता येत नाही. पहिल्या युक्तीवर उतारा फोन घेणाऱ्या कारकुनाच्या हातात असतो. त्यानं नावांवरच थांबवलं असेल आणि वहीत ‘हकीकत ऐकली नाही’ असं तारखेसह लिहिलं असेल, तर दुसऱ्या दिवशी समोरच्या पक्षाचं वकीलपत्र घ्यायला हरकत नाही.